माझ्या हातची लाइन

एका माणसाचं बरं झालेलं मला अठरा-वीस वर्षं बघवलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या हकिगतीत मी चांगला माणूस निघेन अशी आशा कुणी धरायला नको. तो माणूस माझा जोडीदार. आम्ही दोघं एकाच वस्तादांच्या हाताखाली वायरिंग शिकलो, एकाच शिडीवर चढलो आणि एकाच ताटलीतली मिसळ खाल्ली. वैऱ्याचा हेवा वाटला तर माणूस निदान उघड भांडू शकतो. याच्याशी भांडायलाही काही कारण सापडत नव्हतं.

वस्तादांचं दुकान कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका बोळात होतं. त्यांचे वडील पेट्रोमॅक्स दुरुस्त करायचे. वस्ताद मोटारी गुंडाळायचे, म्हणजे पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचे, आणि कारखान्यांच्या वायरिंगची कामं घ्यायचे. नव्वदच्या आसपास मी मलकापूरहून आयटीआय करून त्यांच्याकडे आलो, आणि पंधरवड्यानं हा आला. सीमेकडच्या गावचा, घरात कानडी बोलणारा, मराठी अडखळत. मी त्याच्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठा निघालो, तर त्यानं त्याच दिवशी मला 'अण्णा' करून टाकलं. त्यांच्यात थोरल्या भावाला अण्णा म्हणतात. मला भाऊ नको होता, पगार वाढवून हवा होता.

वस्तादांचे नियम दोनच. पहिला, एका मशीनला एकच लाइन. एका लेथला दोन ठिकाणांहून वीज आली की माणूस एक स्विच बंद करतो, मशीन मेलं असं समजून आत हात घालतो, आणि दुसरी लाइन त्याला धरते. वस्तादांचा धाकटा भाऊ असाच गेला होता. त्यामुळे हा नियम सांगताना ते कधी ओरडायचे नाहीत, हळू बोलायचे.

दुसरा नियम मात्र रोज ओरडून सांगायचे. "दुसऱ्याच्या हातची लाइन टेस्टर लावल्याबिगर धरायची न्हाय. सख्खा भाऊ म्हणला बंद केलीया, तरी लावायचा. काय?"

हा दुसरा नियम मी फार मनापासून पाळला. उचगावच्या बाजूला तेव्हा लेथची बारकी-बारकी वर्कशॉप निघत होती आणि आम्ही दोघं एकमेकांच्या मागोमाग काम करायचो. तो म्हणायचा, "बंद हाय अण्णा," आणि मी टेस्टर लावायचो. जीव वाचावा म्हणून नव्हे. एकदा तरी टेस्टरातला, वीज असल्याचा, दिवा लागावा, एकदा तरी याची चूक सापडावी, आणि ती मी वस्तादांच्या कानावर घालावी, यासाठी. दिवा कधी लागला नाही. तो माझ्या लाइनीला टेस्टर लावायचा की नाही, तिकडं माझं लक्षच नव्हतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असा सगळा कारभार.

माझ्याजवळही एक गोष्ट होती. वायरी बसवाव्यात तर मी. दहा वायरी जायच्या असल्या तर दहाच्या दहा सरळ, एकही दुसरीवर चढलेली नाही, चार-चार बोटांवर मेणाच्या दोऱ्याची गाठ. गिऱ्हाइकं पेटी उघडून दुसऱ्यांना दाखवायची. वस्तादही म्हणायचे, "हात हाय पोराचा." पण मग त्याच्याकडं वळून म्हणायचे, "आन् ह्याचं डोकं." माझ्या मनात ते 'आन्' फार दिवस राहिलं.

वस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांनी वर चढायचं सोडलं, तेव्हा त्यांनी आपली हत्यारं वाटली. त्याला पक्कड मिळाली. जर्मन पक्कड, दांड्यावरचं रबर झिजून काळं पडलेलं, वस्तादांच्या वडिलांच्या हातची. मला शिडी मिळाली. वस्ताद म्हणाले, सागवानी हाय, जन्मभर जाईल. जाईल की. पण पक्कड खिशात घालून मिरवता येते, शिडी घेऊन कुणी मिरवतं का? ती शिडी सायकलला बांधून उचगावच्या खोलीवर नेताना रस्त्यातले लोक मला रंगारी समजत होते.

त्यानंतर त्यानं संध्याकाळचा कॉम्प्युटरचा क्लास लावला. मी भर चौकात म्हणालो, "वायरमनाला कॉम्प्युटर म्हंजी म्हशीला चष्मा." सगळे हसले, तोही हसला आणि क्लासला गेला. दोन वर्षांत गावात जिकडंतिकडं कॉम्प्युटर झाले, दवाखान्यांत, कॉलेजात, छापखान्यांत. त्या यंत्रांना लागणारी वीज वेगळी. ती जाऊन चालत नाही आणि कमी-जास्त होऊनही चालत नाही. ते काम गावात त्याला येत होतं. त्यानं स्कूटर घेतली. आणि प्रत्येक कामाला, अगदी प्रत्येक, मला बोलावलं. मला विसरला असता तर चार लोकांत त्याला नावं तरी ठेवता आली असती.

दोन हजार साल उलटल्यावर शाहूपुरीतल्या एका सहकारी बँकेनं सगळ्या शाखांचा कारभार एका ठिकाणच्या यंत्रांवर आणायचं ठरवलं. ती यंत्रं पुण्याहून येणार आणि त्यांच्या विजेचं काम आमच्या जोडीदाराला. काम नीट झालं तर सगळ्या शाखांची वर्षानुवर्षांची देखभालही त्यालाच, असं बँकेनं तोंडानं कबूल केलं होतं. हे सांगायला तो घरी आला. म्हणाला, "अण्णा, वायरी तूच बसवायच्या. तुझ्यागत हात कोल्हापुरात न्हाय." माझी बायको खूश झाली, तिनं पोहे केले. मला त्यात एवढंच ऐकू आलं की काम त्याचं आणि मी त्याच्या कामावर.

बँकेच्या जुन्या रेकॉर्डच्या खोलीत गारवा करणारी यंत्रं बसवली होती. मध्यभागी माणसाएवढं लोखंडी कपाट, त्यात एकाखाली एक चार पेट्या. वरच्या दोन पेट्या म्हणजे डोकी. त्या एकमेकींना जोडलेल्या. एक पडली तर दुसरीनं तिचं काम ओढायचं. पुण्याचा इंजिनिअर त्याला क्लस्टर म्हणायचा. मी मनात त्यांना जावा-जावा म्हणायचो. खालच्या दोन पेट्यांत नुसत्या डिस्क, बँकेची सगळी माहिती त्या दोघींत मिळून ठेवायची. त्यातली एक जरी बसली तरी उरलेलीचा काही उपयोग नाही. आणि प्रत्येक पेटीच्या पाठीमागं विजेच्या दोन पिना. खोलीत दोन यूपीएस, एकाची सॉकेटची पट्टी कपाटात डाव्या हाताला, दुसऱ्याची उजव्या हाताला.

जोडीदारानं मला समजावून सांगितलं. "परतेक पेटीची एक पिन डावीकडं, एक उजवीकडं. एक यूपीएस जळला तरी पेटी चालूच ऱ्हायाला पायजे."

मी म्हणालो, "एका मशीनला दोन लाइनी? वस्तादांनी काय शिकवलंय?"

तो हसला. "हितं उलटं हाय अण्णा. एक मेली तर दुसरीनं जगवायचं."

पुण्याचा इंजिनिअरही हसला. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तो काही वाईट हसला नव्हता, आता कळतं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षं पाळलेला नियम, ज्याच्यापायी एक माणूस गेला होता तो नियम, आणि हे दोघं त्यावर हसत होते.

दुसऱ्या दिवशी जोडीदार बँकेच्या जीपमधून शाखा बघायला गेला. कुठं, तर मलकापूरला. माझ्या गावाला! माझ्या गावात जीपमधून उतरणार, लोक विचारणार कोण पावणं आलेत, आणि कुणीतरी सांगणार, बँकेचे इलेक्ट्रिकचे साहेब. माझा चुलता तिथं एसटी स्टँडसमोर पानाच्या टपरीवर बसलेला असायचा. तो उठून याला रामराम घालणार हे चित्र दिवसभर माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

तशा मनानं मी त्या दुपारी एकटा कपाटाच्या पाठीमागं बसलो. पहिल्या पेटीच्या दोन्ही पिना मी डाव्या पट्टीत लावल्या. दुसरीच्या दोन्ही उजव्या पट्टीत. हात बारा वर्षांचा, एका मशीनला एक लाइन हे हाताला पाठ; तो आपोआप गेला. इथपर्यंत ती चूक होती, आणि तिची मला लाज वाटत नाही.

तिसऱ्या पेटीपाशी मला आठवलं. पिन हातात होती. मी थांबलो. मागच्या चार पिना काढून परत लावायला पाच मिनिटं लागली असती. मला जीप दिसली, चुलता दिसला, पुण्याच्या पोराचं हसणं ऐकू आलं, आणि मनात आलं, होऊ दे की साहेबांपुढं याची शोभा. तिसरीच्या दोन्ही डावीकडं, चौथीच्या दोन्ही उजवीकडं. मग मी वायरी बसवायला घेतल्या. प्रत्येकीला आपली बाजू मिळाल्यामुळे एक वायर दुसरीवरून जात नव्हती. इतकं देखणं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

मी स्वतःला सांगत होतो की तो तपासेल. तो सगळ्यांचं तपासायचा. शाखांतली वायरिंग त्यानं स्क्रू-स्क्रू तपासली होती. सापडेल, सोडेल, परत लावेल, त्याचा एक दिवस जाईल, इंजिनिअरपुढं थोडी मान खाली जाईल, झालं. संध्याकाळी तो आला. पाठीमागचं दार उघडलं, गाठींच्या ओळी खालीपर्यंत बघितल्या, "वा अण्णा!" म्हणाला आणि दार लावलं. त्यानं पिन एक हलवून बघितली नाही. मी चकित झालो आणि हत्यारं पिशवीत भरली.

महिन्याभरानं एका सकाळी चाचणी होती. चेअरमन आले, संचालक आले, नारळ फुटला, पेढ्यांचा बॉक्स फिरला. तीन आठवडे कारकुनांनी बसून भरलेली माहिती त्या डिस्कवर होती. इंजिनिअर म्हणाला, "आता डावा यूपीएस बंद करू, म्हणजे साहेबांना बघायला मिळेल." जोडीदार स्विचपाशी गेला. स्विच ओढण्याआधी त्यानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या, बघ आता गंमत, अशा अर्थानं. तेव्हाही एक शब्द बोललो असतो तरी चाललं असतं.

त्यानं स्विच ओढला. चारातल्या दोन पेट्या गप झाल्या, आणि उरलेल्या दोन किंचाळायला लागल्या. आत जे लिहिलं जात होतं ते अर्ध्यात तुटलं. ती माहिती पुन्हा भरायला कारकुनांना आणखी तीन आठवडे बसावं लागलं, हे नंतर कळलं. त्या वेळी फक्त तो आवाज होता आणि हातात पेढा धरून उभे राहिलेले संचालक.

इंजिनिअरनं पाठीमागचं दार उघडलं. बघितलं. "हे कुणी केलंय?"

माझं तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "काम माझं हाय साहेब. चूक माझी." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. 'माझं तोंड उघडायच्या आत' असं मी आत्ता लिहिलं खरं, पण तोंड उघडायचा माझा विचार होता का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मी पेढ्यांच्या बॉक्सकडं बघत होतो.

जिन्यात त्यानं मला गाठलं. चेहरा पडलेला. हळू म्हणाला, "वस्तादांच्या नियमानं हात गेला न्हवं अण्णा?"

मी म्हणालो, "व्हय."

बँकेनं त्याला काढलं. आणि महिन्याभरात बँकेच्या एका अधिकाऱ्यानं मला बोलावून घेतलं. म्हणाला, तुमचं काम सुबक असतं, डोकं चालवायला पुण्याचा माणूस आहे, तो सांगेल तसं तुम्ही करा, देखभाल तुमच्याकडं. मी हो म्हणालो. सहा-सात वर्षं ती बँक मी सांभाळली. पिना एक डावीकडं, एक उजवीकडं, बिनचूक लावल्या. बँकेच्या जीपमधून मलकापूरला गेलो. चुलता टपरीवरून उठून आला आणि चार माणसांत माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचं मला काही वाटलं नाही असं लिहिलं तर शोभेल, पण खोटं कशाला बोलू, पहिल्या खेपेला गोडच लागलं.

जोडीदार कागलच्या रस्त्यावर एका पत्र्याच्या शेडात मोटारी गुंडाळायला लागला. स्कूटर विकली असं कानावर आलं. मी तिकडं फिरकलो नाही. आणि गंमत बघा, त्याचं सगळं माझ्याकडं आलं तरी माझी जळजळ थांबली नाही. शेतकरी पंप घेऊन त्याच्याकडं लांबून येतात, त्याचा चहा पितात, त्याच्या बाकड्यावर तासन्‌तास बसतात, हे ऐकून मला वाटायचं, माझ्याकडं कोण बसतं? बँकेत मला सगळे 'वायरमन आलाय' म्हणायचे.

ईदला मी वस्तादांकडं गेलो. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, जाड चष्मा, खुर्चीत बसून होते. शिरखुर्म्याची वाटी हातात देऊन त्यांनी बँकेचं सगळं विचारून घेतलं. पिना किती, पट्ट्या किती, कुठली कुठं. मी सांगितलं, वस्ताद, तुमच्या नियमानं हात गेला.

त्या नियमाच्या वेळच्या हळू आवाजात ते म्हणाले, "मी त्यो नियम सांगिटला माणूस मरू नये म्हणून. तू त्याच नियमानं माणूस मारलास." वाटीतलं संपवून मी उठलो. दारापर्यंत आल्यावर पाठीमागून आवाज आला, "जा त्येच्याकडं."

मी गेलो नाही. पुढं सहा-सात वर्षांनी वस्ताद वारले, त्या दिवशी आम्ही दोघं कब्रस्तानात भेटलो. माती देऊन झाल्यावर तो जवळ आला आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाला, "शेडवर चल अण्णा, च्या घेऊ." त्याच्या केसांत पांढरं शिरलं होतं. शर्टाच्या खिशात टेस्टर, पँटच्या खिशात ती पक्कड.

शेडात एक पंपाची मोटार उघडून ठेवलेली होती. तो खाली बसून तिच्यात तार भरायला लागला, आणि मी त्याच्या पाठीशी बोललो, कारण तोंडाकडं बघून बोलता येईना. "त्या दिवशी तिसऱ्या पेटीपाशी मला आठवलं हुतं. मी मुद्दाम लावल्या."

त्याचे हात थांबले नाहीत. "ठावं हाय की."

"कधीपास्नं?"

"चाचणीच्याच दिवशी. साहेबानं दार उघडल्यावर नीट बघितलं. पयल्या दोन पेट्यांच्या गाठी रोजच्या हुत्या. तिसरीपास्नं करकचून आवळलेल्या. तू रागात आसलास की आसल्या गाठी मारतोस."

"मग बोलला का न्हाईस? जिन्यात वस्तादांचा नियम कशाला पुढं केलास?"

"तू न्हाय म्हणशील, खरं सांगशील, असं वाटलं." तारेचं टोक त्यानं पकडीनं तोडलं. "आन् साहेबांफुडं बोलून काय? ते म्हणले असते, तू तपासलं का न्हाईस. न्हवतंच तपासलं. ती चूक माझीच की."

"पर तू समद्यांचं तपासायचास. माझंच का न्हाय तपासलंस?"

आता त्यानं वळून बघितलं. मला इतकं साधं कळत नाही याचं त्याला नवल वाटलेलं दिसलं. "तुझ्या हातची लाइन हुती, अण्णा. तुझ्या लाइनीला मी टेस्टर कधी लावलाय? वस्ताद किती शिव्या द्यायचे त्यावरनं. मी म्हणायचो, अण्णाच्या हातची हाय वस्ताद, तिला काय लावायचा."

मी बाकड्यावर बसून राहिलो. उचगावच्या वर्कशॉपांत त्याच्या प्रत्येक लाइनीला लावलेला माझा टेस्टर मला आठवत होता. वाईट वाटलं, रडू आलं, हे खरंच. पण त्याच्याही खाली, अगदी तळाशी, जुनीच जळजळ होती. कुणाच्या हातावर इतका भरवसा टाकता येणं, ते सुख याला मिळालं होतं, बारा वर्षं. मला एक दिवसही नाही.

चहा झाला. तोवर मोटार भरून झाली होती, आणि तिला वीज जोडून फिरवून बघायची होती. काहीतरी करावं म्हणून मी उठलो. भिंतीवरच्या बोर्डापाशी गेलो, फ्यूज काढून हातात घेतला आणि म्हणालो, "बंद केलीया. धर."

तो उघड्या वायरीपाशी उकिडवा बसला होता. त्यानं हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. क्षणभर माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. मग खिशातून टेस्टर काढून वायरीच्या टोकाला लावला, दिवा लागत नाही हे नीट बघितलं, आणि मगच वायर हातात धरली.